छेदात काय घ्यायचे? बडोद्यातल्या तीन वर्गांच्या कृतिसंशोधनाच्या नोंदी

७ जुलै २०२५

कृतिसंशोधन म्हणजे अध्यापकाने आपल्याच वर्गात एखादा बदल करून त्याचा परिणाम तपासणे. त्यासाठी या सत्रात तीन वर्ग घेतले आहेत: मराठी (बी.ए., दुसरे वर्ष), रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक (बी.एस्सी., पहिले वर्ष) आणि संख्याशास्त्र (बी.कॉम., दुसरे वर्ष). अध्यापकांना यात मदत करणाऱ्या आमच्या साहाय्यगटात तिघे आहेत. एकाकडे वर्गनिरीक्षण, दुसऱ्याकडे संमतिपत्रे आणि सांकेतिक क्रमांकांची वही, तिसऱ्याकडे आकडेमोड. तिघांपैकी कुणाच्याही हातात या विद्यार्थ्यांचे गुण नाहीत. ही अट मोडली तर पुढचे सगळेच लटके पडते, म्हणून ती सर्वांत आधी लिहून ठेवली.

माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते, कॉलेजात नेट किंवा पीएच.डी. पुरते. सूक्ष्म अध्यापनावर (छोटा पाठ घेऊन एकेका अध्यापनकौशल्याचा सराव) सत्तरच्या दशकात बडोद्यातच काम झाले, पण ते शाळेच्या शिक्षकांसाठी. कॉलेजचा तास कसा गेला, हे तास घेणाऱ्याखेरीज सहसा कुणाला कळत नाही. अध्यापन हाही विद्वत्तेचाच एक प्रकार आहे, अशी मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये केली. आमच्या तिन्ही अध्यापकांना ती मान्य आहे. अडते ते प्रश्नापाशी.

आज प्रत्येकाकडून आपल्या वर्गाबद्दलचा एकच प्रश्न एका वाक्यात लिहून घेतला. मराठीच्या बाई: ‘विद्यार्थ्यांचे लेखन कसे सुधारावे?’ रसायनच्या बाई: ‘प्रात्यक्षिकात मुले लक्ष का देत नाहीत?’ संख्याशास्त्राचे सर: ‘वर्ग गप्प का असतो?’ तिन्ही प्रश्न खरे आहेत, पण एकाचेही उत्तर एका सत्रात मिळणार नाही.

११ जुलै

प्रश्न बारीक करण्याची बैठक, प्रत्येकी ४० मिनिटे. चार गोष्टी विचारल्या. नेमके काय बदलणार आहात? तो बदल कुठल्या कागदावर दिसेल? तो कागद आत्ताही तयार होतो, की मुद्दाम तयार करावा लागेल? आणि शेवटचा, सर्वांत उपयोगी: ‘बदलाचा काही उपयोग झाला नाही’ हे कशावरून कळेल? चौथ्याला उत्तर नसेल, तर तो प्रश्न अजून पिकलेला नाही असे धरायचे.

मराठीचा प्रश्न आता असा: चुकीचे वाक्य दुरुस्त करून देण्याऐवजी चुकीची फक्त जागा दाखवली आणि दुरुस्ती विद्यार्थ्यावर सोडली, तर पुढच्या लेखनात क्रियापदाच्या मेळाच्या (क्रियापदाचे लिंग-वचन कर्त्याशी किंवा कर्माशी जुळण्याच्या) चुका कमी होतात का? ‘लेखन’ गेले आणि ‘मेळ’ राहिला. बाईंना हे फार थोडे वाटले. एका सत्राला तेवढे पुरे आहे.

रसायनचा: प्रात्यक्षिकाआधी तीन छोटे प्रश्न सोडवून घेतले, तर टायट्रेशनमध्ये (एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून तीव्रता काढताना) अंत्यबिंदू, म्हणजे रंग बदलताच थांबायची जागा, ओलांडण्याचे प्रमाण घटते का? संख्याशास्त्राचा अजून हललेला नाही. सरांचा तास आधी पाहून मग ठरवू.

१८ जुलै

संमती. ही पायरी उरकून टाकायचा मोह होतो, म्हणून तपशील लिहून ठेवतो.

स्वतःच्या वर्गात काही बदल करून पाहणे आणि ते तिथेच ठेवणे हे अध्यापकाचे रोजचेच काम आहे. पण हेच पुढे परिसंवादात मांडायचे किंवा छापायचे असेल, तर ते विद्यार्थ्यांवरचे संशोधन ठरते आणि नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी लागते. काम झाल्यावर मान्यता मागायला गेले की हात हलवत परत यावे लागते. म्हणून पुढे छापायची शक्यता थोडी जरी असली, तरी अर्ज आत्ताच करायचा.

संमतिपत्र अध्यापकाने वाटायचे नाही. गुण देणाऱ्याच्या हातचा कागद कोण नाकारणार? आमच्यातला एक जण वर्गात जातो, अध्यापक बाहेर थांबतात, सह्यांचे कागद पाकिटात जातात आणि पाकीट निकाल लागल्यावरच उघडते. वर्गातली कामे सगळे करतील, फक्त ज्याची संमती नाही त्याचे कागद मोजणीतून वगळले जातील. हे वाक्य पत्रात ठळक छापले. नाहीतर ‘सही केली नाही तर वर्गात बसता येणार नाही’ अशी समजूत पसरते. पत्र इंग्रजी आणि गुजराती, मराठीच्या वर्गासाठी मराठीतही.

रसायनच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुले अजून अठराची झालेली नाहीत. पहिल्या सत्रातला वर्ग घेताना हे आधीच लक्षात यायला हवे होते. त्यांच्यासाठी पालकांच्या सहीचा वेगळा कागद लागतो आणि तो परत यायला दहा दिवस धरावे लागतात.

२२ जुलै

सांकेतिक क्रमांक. आधीचे आणि नंतरचे कागद एकाच विद्यार्थ्याचे आहेत हे कळले पाहिजे, पण तो कोण हे कळता कामा नये. नेहमीची युक्ती म्हणजे आईच्या नावाचे आद्याक्षर, जन्मतारखेचा दिवस आणि मोबाइलचे शेवटचे दोन अंक. सरावासाठी एकाच वर्गात चार दिवसांच्या अंतराने दोनदा लिहून घेतले आणि ही युक्ती फसली. वसंतीचे अक्षर कुणी इंग्रजी ‘व्ही’ लिहिले, चार दिवसांनी ‘डब्ल्यू’. शोभाचे कधी ‘एस’, तर कधी गुजरातीत ‘श’. काहींनी पहिल्यांदा आपला नंबर दिला होता, दुसऱ्यांदा घरचा.

बदल: छापील क्रमांकांच्या चिकटपट्ट्या, प्रत्येकाला त्याच क्रमांकाच्या सहा. एक ओळखपत्राच्या मागे, बाकीच्या पाच वहीच्या शेवटच्या पानावर. ज्याची हरवली त्याने वही सांभाळणाऱ्याकडे यायचे, अध्यापकाकडे नाही.

२९ जुलै

मराठीचे पहिले लेखन झाले. वेळ ३० मिनिटे, सुमारे २५० शब्द.

या वर्गाचे बडोद्यातले वैशिष्ट्य असे की, बहुतेकांच्या घरी मराठी आणि शाळा गुजराती माध्यमाची. बोलणे अस्खलित, लिहिणे अडखळत. क, ज, ख, इ, झ ही अक्षरे गुजरातीत वेगळ्या वळणाची असल्यामुळे घाईत तीच उतरतात. शिरोरेषा सुटते. शेवटचा उकार ऱ्हस्व राहतो: ‘तु’, ‘करु’. गुजरातीत अशा जागी ऱ्हस्व उकारच लिहितात. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार तो दीर्घ हवा. यातले काहीही आम्ही मोजणार नाही. हे इथे मुद्दाम लिहिले, कारण कागद हातात आले की सगळेच मोजावेसे वाटते.

मोजायचा तो मेळ. दोन उपप्रकार ठरवले. पहिला, लिंगाचा: चहा मराठीत पुल्लिंगी, गुजरातीत स्त्रीलिंगी. तिकीट मराठीत नपुंसकलिंगी, गुजरातीत स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘चहा घेतली’, ‘तिकीट काढली’. दुसरा, ‘ला’ लागलेल्या कर्माचा: प्रमाण मराठीत ‘मी मुलीला पाहिलं’, कर्माला प्रत्यय लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. गुजरातीत प्रत्यय लागला तरी क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणेच चालते, म्हणून ‘मी मुलीला पाहिली’.

५ ऑगस्ट

दोघांनी स्वतंत्रपणे चुका वर्गीकृत केल्या. आधी चुकांचे वर्ग ठेवले होते ‘गुजरातीचा परिणाम’ आणि ‘घाईतली चूक’. सराव म्हणून ६० चुका दोघांना दिल्या. ४८ ठिकाणी एकमत झाले. ८० टक्के, ऐकायला छान. पण पहिल्याने ४० ठिकाणी ‘परिणाम’ म्हटले होते आणि दुसऱ्याने ४२ ठिकाणी. दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले असते, तरी ५७ टक्क्यांच्या आसपास जुळलेच असते. कोहेनचा कप्पा हा योगायोग वजा करतो: (०.८०० − ०.५६७) ÷ (१ − ०.५६७), म्हणजे ०.५४. हा काम सुरू करण्याजोगा आकडा नव्हे.

दोष मोजणाऱ्यांचा नव्हता. वर्गच चुकीचे होते. ‘परिणाम’ म्हणणे म्हणजे कारण सांगणे, आणि कारण कागदावर दिसत नाही. ‘करु’ पुण्यातली मुलेही लिहितात. ‘मी त्याला पाहिला’ हे बोलण्यातही ऐकू येते आणि जुन्या मराठी लेखनातही सापडते. ते गुजरातीतून आले की आजीकडून, हे तिसऱ्याने कसे सांगावे?

नवे वर्ग फक्त रूपावर: (१) कर्माला प्रत्यय नाही, लिंग चुकले, (२) कर्माला ‘ला’ आहे, क्रियापद नपुंसकलिंगी नाही, (३) कर्त्याशी मेळ चुकला, (४) इतर. प्रत्येक वर्गाला तीन नमुना वाक्ये आणि वादाच्या जागांसाठी एक पान. पुन्हा सराव घेतला, आता मतभेद मुख्यतः चौथ्या वर्गातच उरले. मग खरी मोजणी. ती करताना कागद आधीचा की नंतरचा हे मोजणाऱ्याला कळू नये, म्हणून दोन्ही लेखने शेवटी एकत्र पिसून द्यायची. तारीख कापून टाकायची.

७ ऑगस्ट

संख्याशास्त्राच्या तासाचे निरीक्षण. पद्धत दोन-दोन मिनिटांच्या घरांची: ५० मिनिटांच्या तासाला २५ घरे. त्या दोन मिनिटांत जे जे झाले त्यावर खूण: अध्यापक बोलतात, फळ्यावर लिहितात, प्रश्न विचारतात, विद्यार्थी ऐकतात, उत्तर देतात, आपापसांत बोलतात. बरे-वाईट काही लिहायचे नाही. निरीक्षकाला दीड तासाचा सराव पुरतो. एक चूक नेहमी होते: २५ पैकी १० घरांत ‘प्रश्न’ ही खूण असेल, तर त्याचा अर्थ ४० टक्के वेळ प्रश्नोत्तरे चालली असा होत नाही. दहा घरांत निदान एकेक प्रश्न विचारला गेला, एवढाच तो अर्थ.

सरांच्या तक्त्यात प्रश्नांच्या खुणा भरपूर, उत्तरांच्या तुरळक. दोन्ही रांगा एकमेकींखाली ठेवून दाखवल्या, बोललो काहीच नाही. सर स्वतःच म्हणाले, “मी थांबतच नाही की हो.” अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात हेच मोजले होते: प्रश्नानंतर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतो, आणि तीन सेकंद थांबला तर उत्तरे लांबतात, उत्तर देणारेही वाढतात. प्रश्न सापडला: प्रश्न विचारून एक मिनिट लिहायला दिले आणि मग बोलायला सांगितले, तर किती वेगवेगळे विद्यार्थी उत्तर देतात? मोजायचे ते वेगवेगळे विद्यार्थी. उत्तरांची संख्या पहिल्या बाकावरची दोघेच वाढवतात.

१२ ऑगस्ट

तासाच्या शेवटच्या तीन मिनिटांत चिठ्ठी. ए-४ कागदाचे चार तुकडे, म्हणजे साठ जणांना पंधरा कागद. पहिल्या वेळी प्रश्न होता ‘आज काय समजले नाही?’ आणि उत्तरे आली ‘सगळं समजलं’, ‘बधुं समजाय छे’, ‘ऑल क्लिअर सर’. सरांना बरे वाटले, आम्हाला नाही. प्रश्न बदलला: ‘कुठल्या ओळीपाशी पेन थांबले?’ आता प्रमाण विचलनाच्या सूत्रात वर्ग का करायचा, छेदात कधी एन (निरीक्षणांची संख्या) आणि कधी एन वजा एक का, असे नेमके मुद्दे येऊ लागले. अर्ध्याअधिक चिठ्ठ्या गुजरातीत, पण इंग्रजी लिपीत, मोबाइलवर लिहितात तशा. चालेल, भाषा सुधारायची नाही.

चिठ्ठ्यांचे चारच ढीग करायचे: एकाच जागी अडलेले, वेगवेगळ्या जागी अडलेले, चुकीचे समजलेले, कोरे. पंधरा मिनिटांत होतात. पुढच्या तासाची पहिली दोन मिनिटे सर्वांत मोठ्या ढिगाला द्यायची. ही दोन मिनिटे टाळली तर तिसऱ्या वेळेपासून कोऱ्या चिठ्ठ्या येतात, हे अगदी ठरलेले.

१९ ऑगस्ट

रसायन. मोजमापच बिघडलेले होते, वेळेवर लक्षात आले. बाई विद्यार्थ्यांच्या वहीतल्या वाचनांवरून अंत्यबिंदू ठरवणार होत्या. वह्या पाहिल्या: १०.२, १०.२, १०.२. पुढच्या टेबलावर तेच, मागच्या टेबलावरही तेच. स्थिर ब्युरेट वाचन, म्हणजे मोजनळीवर लागोपाठ तेच वाचन, हवे असते हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळते, मग पहिले वाचन खरे आणि पुढची दोन कृपेची. अशा आकड्यांतून शिकण्याचे काहीच कळणार नाही.

दोन बदल केले. एक: प्रत्येक टेबलाला अज्ञात द्रावण वेगळ्या तीव्रतेचे, बाटलीवर फक्त अक्षर. शेजाऱ्याचे वाचन उतरवून भागत नाही, आणि खरी तीव्रता वहीबाहेर नोंदलेली असते. दोन: प्रयोगशाळा साहाय्यक प्रत्येक टेबलावरचा शेवटचा फ्लास्क पांढऱ्या फरशीवर ठेवून पाहतो. फिनॉल्फ्थलीन या दर्शकाचा रंग फिका गुलाबी आणि तीसेक सेकंद टिकणारा, तर ‘बरोबर’. गडद, तर ‘ओलांडला’. मधल्या रंगावर वाद नको म्हणून शेजारी तुलनेचा एक फ्लास्क, तोही दर तासाला ताजा, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून फिका रंग हळूहळू उडतो.

तुकड्या दोन. एका तुकडीला पूर्वप्रश्न द्यायचे आणि दुसरीला कायमचे कोरडे ठेवायचे हे बाईंना पटले नाही, आम्हालाही नाही. म्हणून ‘अ’ तुकडीला पहिल्या दोन प्रयोगांत पूर्वप्रश्न, ‘ब’ तुकडीला पुढच्या दोन प्रयोगांत. शेवटी दोघींना सारखेच मिळते आणि तुलनाही होते. एक धोका राहतो: ‘अ’ची मुले प्रश्न ‘ब’ला पाठवतात. ते रोखायचे नाही, फक्त किती पोहोचले ते शेवटी विचारायचे.

२६ ऑगस्ट

उद्या गणेशचतुर्थी. दांडिया बाजार, रावपुरा भागातली मराठी मुले पुढचे काही दिवस अर्धवट हजर राहणार. नोंद घेतली, या काळात मोजणी नाही.

९ सप्टेंबर

संख्याशास्त्राच्या वर्गात गटचर्चा. ती खरे तर सत्राच्या मध्यावर, ऑगस्टच्या सुरुवातीलाच व्हायला हवी होती. आता बदल करायला सरांच्या हाती थोडेच आठवडे उरलेत. सर बाहेर, आमच्यातला एक आत, २५ मिनिटे. पाच-पाचांचे गट, तीन प्रश्न: शिकायला कशाची मदत होते, कशाने अडते, काय बदलता येईल. गटाच्या एकमताचेच लिहायचे, मग फळ्यावर मांडून पुऱ्या वर्गाचा कौल. एकट्याची तक्रार अशाने गाळली जाते आणि खरी अडचण वर येते. सरांना दोन दिवसांत तोंडी अहवाल, कुणाचे अक्षर दाखवायचे नाही. पुढच्याच तासाला सरांनी वर्गाला सांगायचे की हे करतो, हे करता येणार नाही आणि का.

वर्गाचा मुख्य सूर: ‘सर पहिल्यासारखं शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात.’ हे ऐकून अध्यापक बहुतेक वेळा बदल सोडून देतो. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास सरांपुढे ठेवला: स्वतः सोडवायला लावलेल्या विद्यार्थ्यांनी चाचणीत जास्त मिळवले आणि तरी आपण कमी शिकलो असेच त्यांना वाटले. सुबक व्याख्यान ऐकताना समजल्यासारखे वाटते. म्हणून अभिप्राय हा अभिप्राय म्हणून वाचायचा, शिकण्याचे माप म्हणून नाही. मात्र ‘एक मिनिट फार थोडे पडते’ ही दुसरी तक्रार तंतोतंत खरी होती. दीड मिनिट केले.

१८ सप्टेंबर

मराठीचे दुसरे लेखन. २२ तारखेला नवरात्र बसते. मध्यरात्रीपर्यंत गरबा आणि सकाळी साडेसातचा तास, त्या आठवड्यातल्या चाचणीत झोपच मोजली जाईल. म्हणून आधीच उरकले.

२५ सप्टेंबर

मोजणी. या प्रकल्पातली सर्वांत मोठी गफलत इथे व्हायची होती.

चुका दर १०० शब्दांमागे मोजायच्या असे जुलैत ठरले होते. आकडे खाली आले, बाई खूश. मग एका मोजणाऱ्याला शंका आली की दुसऱ्या लेखनात वाक्येच वेगळी आहेत. विषय होता ‘माझी गल्ली’. गल्लीचे वर्णन वर्तमानकाळात होते: घरे आहेत, दुकान आहे, गाय उभी असते. पहिला विषय होता ‘कालचा दिवस’, त्यात ‘चहा घेतला, तिकीट काढलं, मावशीला भेटलो’ ठायी ठायी येते. मेळ चुकायची संधीच दुसऱ्यात कमी.

हिशेब करून पाहू. समजा २५० शब्दांच्या पहिल्या लेखनात कर्माशी मेळ लागणाऱ्या जागा २०, चुका ६. दुसऱ्यात तेवढेच शब्द, जागा ८, चुका २. दर शंभर शब्दांमागे २.४ वरून ०.८, म्हणजे चुका एक तृतीयांशावर आल्या! पण जागांच्या हिशेबाने ३० टक्क्यांवरून २५ टक्के. आठ जागांत एक चूक इकडेतिकडे झाली तरी हा फरक पुसला जातो. छेद बदलला की निकालच बदलतो.

शिवाय ज्यांच्या चुकीच्या जागा पहिल्या वेळी दाखवल्या होत्या, ती मुले अवघड रचना टाळूही लागतात. ‘मी मुलीला पाहिलं’ऐवजी ‘मुलगी दिसली’. वाक्य शुद्ध आहे, शिकणे झाले की चुकवणे, ते सांगता येत नाही. दर शब्दामागे मोजले तर ही पळवाट सुधारणा म्हणून नोंदली जाते.

निर्णय: छेद म्हणजे मेळाच्या जागा, शब्द नव्हेत. दोन्ही लेखनांत जागा आधी मोजायच्या, चुका मग. ज्याच्या एखाद्या लेखनात दहापेक्षा कमी जागा आहेत त्याची टक्केवारी काढायची नाही, फक्त अंश आणि छेद लिहायचे.

३ ऑक्टोबर

काल दसरा. आज तिसरे लेखन, ते मुळात ठरलेले नव्हते. या वेळी दोन विषय, दोन्ही भूतकाळाचे आणि कर्म मागणारे: ‘परवा बाजारातून काय काय आणलं, कुणाला काय दिलं’ आणि ‘घर आवरताना काय सापडलं, कुणी काय ठेवून घेतलं’. अर्ध्या वर्गाला पहिला, अर्ध्याला दुसरा. १० तारखेला उलट. एक विषय मुळातच सोपा निघाला तरी तो सोपेपणा दोन्ही बाजूंना सारखा पडतो.

याची किंमत आहे. आता जुलैच्या लेखनाशी सरळ तुलना जमत नाही, फक्त त्यातल्या मेळाच्या जागा वेगळ्या काढून जेवढे जुळते तेवढेच. अहवालात हे पहिल्या पानावर जाईल.

७ ऑक्टोबर

संख्याशास्त्राची पूर्वचाचणी-उत्तरचाचणी. सरांनी दोन्ही सरासऱ्या काढल्या होत्या, पण पूर्वचाचणीला होते ते सगळे आणि उत्तरचाचणीला आले ते सगळे. मधल्या काळात गळलेले विद्यार्थी बहुधा कच्चे असतात. ते गेले की कुणी काही न शिकताही सरासरी चढते. सांकेतिक क्रमांक लावून दोन्ही चाचण्या दिलेल्यांचेच कागद ठेवले.

वाढ सांगताना अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांचे गुणोत्तर घेतले: झालेली वाढ भागिले होऊ शकणारी वाढ. सरासरी ४० वरून ५८ झाली, तर १८ ÷ ६०, म्हणजे ०.३०. हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ वर्गांचे आकडे मांडले, त्यात पारंपरिक वर्गांची सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्या वर्गांची ०.४८. सरांना आपला आकडा त्याशेजारी ठेवायचा होता. ठेवू नये. ती बलाच्या संकल्पनांची पारखलेली चाचणी होती, आपली दहा प्रश्नांची घरची. आपला आकडा पुढच्या वर्षीच्या आपल्याच आकड्याशी जुळवायचा.

१३ ऑक्टोबर

रसायनच्या फ्लास्कांचे तक्ते आले. एका दिवशी तुलनेचा फ्लास्क ताजा केलेला नव्हता. त्या दिवसाच्या सगळ्या ‘ओलांडला’ खुणा संशयास्पद, कारण उडालेल्या रंगाशेजारी बरोबर फ्लास्कही गडद दिसतो. तो दिवस वगळला, वगळल्याचे कारण तक्त्यावरच लिहिले. पूर्वप्रश्न ‘ब’ तुकडीपर्यंत पोहोचले होते का, हे दिवाळीनंतर विचारायचे. संमतीची पाकिटे अजून बंद आहेत, निकाल लागेपर्यंत बंदच राहतील. तोवर तिन्ही वर्गांची मोजणी कच्ची धरावी. कुठलाही आकडा बाहेर देऊ नये.